बेदाणा निवडणाऱ्या महिलांच्या मालकीचा उद्योग : कंपनी, सहकारी संस्था की आणखी काही?

प्रश्न : अग्रणीकाठ (कवठेमहांकाळ, जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी द्राक्षबाग आहे आणि बरीच वर्षे आमचा बहुतेक माल खाण्याच्या द्राक्षांसाठी न जाता बेदाण्यालाच जातो. मी कृषी पदवीधर असून पुण्यात अन्नप्रक्रिया क्षेत्रात काही काळ नोकरी करून आता गावी परतले आहे. मला एक उद्योग उभा करायचा आहे. देणग्यांवर चालणारी संस्था मला काढायची नाही. उद्योगाने स्वतःच्या कमाईवर चालावे, मात्र त्या कमाईवर पहिला हक्क निवडीचे काम करणाऱ्या महिलांचा असावा, अशी माझी कल्पना आहे.

या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आमच्याकडची हवा कोरडी आणि गरम असते, म्हणूनच बेदाण्याच्या शेड प्रामुख्याने जिल्ह्याच्या पूर्व भागात आहेत. द्राक्षाचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणातून काढून जाळीच्या रॅकवर पसरले जातात आणि साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. ढोबळमानाने चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. त्यानंतर काड्या, डागी, काळपट आणि फुगीर मणी वेगळे करण्यासाठी महिला ओळीने बसतात. दुपारपर्यंत बोटांच्या पेरांवर साखरेचा असा चिकट थर चढतो की तो खरवडल्याशिवाय बारीक काडी हाताला जाणवत नाही. बेदाण्याचा दर रंग, आकार आणि स्वच्छतेवर ठरतो. म्हणजे दरातला मोठा हिस्सा या हातांनी कमावलेला असतो. त्यांना मात्र दिवसाची हजेरी मिळते आणि हंगाम संपला की तीही थांबते. आता रंगानुसार मणी वेगळे करणारी यंत्रे आल्याने हे कामही कमी होऊ लागले आहे.

माझी योजना अशी आहे की या महिलांचीच एक संस्था स्थापन करावी, तिने हंगामात बेदाणा खरेदी करावा, निवडून शीतगृहात ठेवावा आणि वर्षभर स्वतःच्या नावाच्या लहान पाकिटांतून पुण्या-मुंबईत विकावा. यासाठी नोंदणी कोणत्या प्रकारची करावी? माझे वडील, चुलते आणि गावातील आणखी काही बागायतदार भागभांडवल घालून सभासद होण्यास तयार आहेत, ते घ्यावे का? तसेच सामाजिक हेतूच्या उद्योगाला भांडवल कोठून उभे करता येते, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : जमाखर्च (सांगली)

ताई, आपला प्रश्न नोंदणीचा आहे म्हणून त्याचेच उत्तर देतो, परंतु नोंदणीच्या प्रकाराने हेतू सुरक्षित राहतो असे मानू नये. त्याने केवळ नफा कोणाला वाटता येतो आणि मत कोणाला असते एवढेच ठरते, आणि आपल्या बाबतीत नेमके हेच दोन मुद्दे कळीचे आहेत.

सामाजिक हेतू म्हटला की बहुतेक सल्लागार कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालील कंपनी सुचवतात. अशा कंपनीला देणग्या आणि मोठ्या कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मिळवणे सोपे जाते, परंतु तिला नफा सभासदांमध्ये वाटता येत नाही. तो उद्दिष्टांसाठीच वापरावा लागतो. महिलांना मजुरी देता येईल, पण मालक म्हणून वर्षअखेरीस काही देता येणार नाही. ज्या कारणासाठी आपण हा खटाटोप करणार आहात तेच कारण तेथे अडते, म्हणून आपल्यासाठी हा मार्ग मला योग्य वाटत नाही.

दुसरा मार्ग महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खालील संस्थेचा. वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती, प्रत्येकाला एक मत आणि नफ्याचे वाटप पोटनियमांप्रमाणे, ही रचना आपल्या हेतूला जवळची आहे. अडचण कायद्याची कमी आणि वातावरणाची जास्त आहे. आपल्या जिल्ह्यात सहकारी संस्था काढली असे सांगितले की समोरचा माणूस आधी कोणत्या गटाची असे विचारतो.

तिसरा मार्ग उत्पादक कंपनीचा. ही तरतूद जुन्या कंपनी कायद्यात २००३ च्या सुमारास अमलात आली आणि २०२० च्या दुरुस्तीने २०१३ च्या कायद्यात आणली गेली. किमान दहा उत्पादक सभासद, पाच ते पंधरा संचालक, एक पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी आणि प्रत्येक व्यक्तिगत सभासदाला एकच मत, मग भाग कितीही असोत. निवडणाऱ्या महिला शेतकरी नाहीत म्हणून त्यांना सभासद होता येणार नाही, असे आपल्याला अनेक जण सांगतील. कायद्यातील उत्पादकाची व्याख्या मात्र शेतजमिनीच्या मालकीशी बांधलेली नाही; प्राथमिक उत्पादनाशी संबंधित कोणतेही काम करणारी व्यक्ती तिच्यात बसू शकते. नोंदणीच्या वेळी सभासद उत्पादक असल्याचा पुरावा मागितला जातो, त्यामुळे महिलांच्या कामाचे दाखले आणि उद्दिष्टांची भाषा आधीच नीट तयार ठेवावी. या प्रकाराचा सर्वांत मोठा फायदा असा की भागभांडवलावरचा परतावा मर्यादित ठेवून उरलेली शिल्लक सभासदाने कंपनीच्या व्यवहारात घेतलेल्या सहभागाच्या प्रमाणात बोनस म्हणून देता येते. ज्या महिलेने अधिक किलो निवडले तिला अधिक वाटा, हे सूत्र येथे कायदेशीर चौकटीत बसते.

उत्तर २ : सौदेवाला (तासगाव)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र माझ्या मते नोंदणीच्या आधी खेळत्या भांडवलाचा प्रश्न सोडवला पाहिजे, कारण बेदाण्यात माणूस बुडतो तो तेथेच.

एक हिशेब करून पाहा. समजा आपण हंगामात दहा टन बेदाणा घेतला आणि सरासरी दर किलोला २०० रुपये धरला, तर मार्च-एप्रिलमध्ये २० लाख रुपये रोख गुंततात. माल रमजान, गणपती, दिवाळी अशा मागणीच्या काळात टप्प्याटप्प्याने जातो. सरासरी आठ महिने पैसा अडकला आणि व्याज १२ टक्के असले, तर केवळ व्याजाचा भार १ लाख ६० हजार, म्हणजे किलोमागे १६ रुपये होतो. त्यावर शीतगृहाचे भाडे, वजनातील तूट, पाकीट, वाहतूक आणि दुकानदाराची उधारी. आता यात महिलांना जादा मजुरी द्यायची आहे, तर ती कोणत्या रुपयातून देणार हे सांगा. शिवाय ऑगस्टमध्ये दर पडला, तर तोटा ज्यांच्या नावावर उद्योग आहे त्या महिलांच्या माथी येईल. जिच्या हातात दिवसाच्या हजेरीपलीकडे काही नाही, तिला आपण मालकी म्हणून बाजारभावाची जोखीम देत आहोत. हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

तासगाव किंवा सांगलीच्या सौद्यांत, म्हणजे बेदाण्याच्या लिलावांत, जाऊन एक दिवस बसा. पंधरा किलोच्या बॉक्समधला माल टेबलावर ओतला जातो, व्यापारी मूठ भरून मणी चोळतो, पाहतो आणि उधळतो. ही उधळण आणि तूट यांवरून शेतकऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. पैसे ठरलेल्या मुदतीत येतातच असे नाही, म्हणून तर दिवाळीच्या सुमारास सौदे काही काळ बंद ठेवून झिरो पेंडिंग, म्हणजे सर्व थकीत पैसे चुकते, करण्याची पद्धत पडली. तेव्हा हंगामात खरेदी करून वर्षभर विकणे हे अनुभवी व्यापाऱ्यालाही झोप न लागू देणारे काम आहे.

माझा सल्ला असा की पहिली दोन वर्षे एक किलोही बेदाणा विकत घेऊ नये. महिलांच्या संस्थेने निवड आणि प्रतवारीचे काम किलोच्या दराने उक्ते घ्यावे. माल बागायतदाराचा किंवा व्यापाऱ्याचा, जोखीम त्याची, आणि मजुरी संस्थेची. यासाठी शेड, टेबले, वजनकाटा, चाळणी यंत्र आणि स्वच्छ पाणी एवढेच भांडवल लागते. जी रंगनिवड यंत्रे महिलांचे काम हिरावून घेत आहेत त्यांपैकी एक याच संस्थेच्या मालकीचे पुढे होऊ शकेल. यंत्राने पहिला हात मारावा आणि यंत्राला न दिसणारी काडी व चिकटलेले मणी हातांनी काढावेत. यंत्र आले म्हणून रडण्यापेक्षा ते कोणाच्या नावावर आहे हे महत्त्वाचे.

शेतमाल तारण योजनेचा (गोदामात ठेवलेल्या मालावर कर्ज देणाऱ्या योजनेचा) उल्लेख कोणीतरी करेलच म्हणून आधीच सांगतो. पणन मंडळाच्या या योजनेत बाजार समितीमार्फत ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांपर्यंत कर्ज मिळते आणि बेदाण्याचाही त्यात समावेश आहे, परंतु ती उत्पादक शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालासाठी आहे. बाजारातून विकत घेतलेला माल त्यात ठेवता येत नाही. आपल्या वडिलांना तिचा उपयोग होईल, महिलांच्या संस्थेला नाही.

उत्तर ३ : माणदेशी (म्हसवड, जि. सातारा)

मी बचत गटांच्या प्रशिक्षणाचे काम करते. सौदेवाला यांचा हिशेब अचूक आहे आणि उक्त्या कामाने सुरुवात करण्याची सूचना मला पूर्ण मान्य आहे, तरी महिलांना जोखीम पेलवत नाही हे गृहीतक मी स्वीकारणार नाही. आमच्या म्हसवडमध्ये १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. संस्थापक सभासद महिला निरक्षर असल्याने परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. त्या महिला लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि तोंडी व्याजाचा हिशेब करून दाखवण्याची तयारी त्यांनी दाखवली; परवाना मिळाला. जोखीम पेलवते की नाही यापेक्षा ती आधी समजावून सांगितली गेली का, हा प्रश्न मला अधिक योग्य वाटतो.

ताई, आता बागायतदारांना सभासद करण्याविषयी. आपल्या प्रश्नात हा मुद्दा एका ओळीत आला आहे, परंतु माझ्या दृष्टीने सर्व काही त्याच ओळीवर अवलंबून आहे. बागायतदाराला निवड स्वस्तात हवी असते आणि निवडणाऱ्या महिलेला दर वाढवून हवा असतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण किलोच्या दरावर त्यांचे हित एकमेकांच्या विरुद्ध जाते. एकाच संस्थेत दोघांनाही मत दिले, तर सभेत बोलणारे कोण आणि मान खाली घालून बसणाऱ्या कोण, हे आपण गावातच वाढल्यामुळे आपल्याला सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या बागेत उद्या कामाला जायचे आहे त्या मालकासमोर दरवाढीचा ठराव कोणती महिला मांडेल? त्यामुळे वडिलांचे, चुलत्यांचे पैसे हवे असतील तर ते ठरावीक व्याजाचे कर्ज म्हणून घ्या, किंवा त्यांच्याशी हंगामाचा लेखी निवड करार करा आणि काही उचल आधी घ्या. सभासदत्व मात्र निवडीचे काम करणाऱ्या महिलांपुरतेच ठेवा आणि ते नियमावलीत लिहा. आपले स्वतःचे स्थानही स्पष्ट करा. आपण पगारी कार्यकारी अधिकारी व्हा. आपल्याला मत नसले तरी आपला शब्द जड असणारच आहे.

मजुरी कशी द्यावी याबाबत लिज्जत पापडाचे उदाहरण अभ्यासावे. १९५९ मध्ये मुंबईत सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केले. पीठ मळण्याचे काम केंद्रावर, लाटण्याचे घरी, मोबदला कामाच्या मापावर आणि काम करणारी प्रत्येक बहीण सहमालक, ही रचना त्यांनी टिकवली आणि देणग्या टाळल्या. बेदाण्यात घरी काम देता येणार नाही, कारण माल खाण्याचा आहे आणि स्वच्छता एका छताखालीच सांभाळता येते. पण मोबदला आठवड्याच्या आठवड्याला हातात पडणे आणि वजन सर्वांसमोर होणे, या दोन गोष्टी जशाच्या तशा घ्याव्यात. वर्षअखेरच्या बोनसच्या आशेवर आज कमी मजुरी घ्या, असे कोणत्याही परिस्थितीत सांगू नका. दुसरीकडे रोख हजेरी मिळत असेल तर महिला तिकडेच जातील आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

भांडवलाविषयी दोन शब्द. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पाला ३५ टक्के, वैयक्तिक उद्योगासाठी कमाल १० लाख रुपये, अनुदान आहे. बचत गटांच्या सभासदांना प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाचीही तरतूद ठेवली होती. अर्ज करण्याआधी योजनेची सध्याची मुदत जिल्हा कृषी अधीक्षक कार्यालयात विचारून घ्यावी. हे अनुदान कर्जाशी जोडलेले असते आणि कर्जाचे हप्ते नियमित राहिले तरच शेवटी कर्जखात्यात वळते होते. अनुदानाची रक्कम हातात येईल आणि त्यातून माल घेऊ, असा बेत केलेले गट मी अडचणीत आलेले पाहिले आहेत. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील बचत गट आपल्या गावात असतील, तर नव्याने महिला गोळा करण्यापेक्षा ज्या गटाची बचत आणि परतफेड काही वर्षे सुरळीत आहे त्यापासून सुरुवात करावी.

शेवटचा प्रश्न आपल्याला विचारते आणि त्याचे उत्तर येथे द्यावेच असा आग्रह नाही : मालक होण्याची इच्छा या महिलांनी बोलून दाखवली आहे, की ती अद्याप आपलीच आहे?

प्रश्नकर्तीचे उत्तर : अग्रणीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सौदेवाला यांचा किलोमागे १६ रुपयांचा हिशेब वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "हे तर मी तुला कधीचं सांगतोय." खरेदी आणि पाकिटे यांचा विचार तूर्त बाजूला ठेवते.

माणदेशी ताईंच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की काही जणींनी स्वतःहून विषय काढला, तो मालकीचा नव्हे. त्यांना हंगामानंतरचे काम हवे आहे आणि मुकादमाने आठवड्याचे पैसे अडवू नयेत असे वाटते. मालकीचा शब्द माझाच होता. त्यामुळे आता पावसाळ्यापूर्वी नोंदणी उरकण्याची घाई करत नाही. येत्या हंगामात एका बचत गटाच्या नावानेच दोन-तीन बागायतदारांचे निवडीचे काम किलोच्या दराने घेऊन पाहते. वडील आणि चुलते सभासद असणार नाहीत. चुलत्यांना हे सांगणे थोडे जड जाईल.

एक व्यावहारिक शंका राहिली आहे. हंगामानंतर वर्षभर काम मिळावे म्हणून काय करता येईल? तसेच पुढे कधी पाकिटे केलीच, तर सांगलीचा बेदाणा हे नाव त्यावर लिहिता येईल का?

उत्तर ४ : सौदेवाला

हंगामानंतरच्या कामाचे उत्तर शीतगृहात आहे. शीतगृहातला बराच माल विक्रीपूर्वी पुन्हा चाळावा आणि निवडावा लागतो, कारण ठेवताना घाई झालेली असते आणि काही मालाला चिकटपणा येतो. व्यापारी हे काम जून ते दिवाळीपर्यंत थोडे थोडे करून घेतात. तासगाव आणि सांगलीच्या आसपासच्या शीतगृहांशी आतापासून बोलून ठेवा. त्यांना माणसे मिळत नाहीत ही त्यांची कायमची ओरड आहे. मात्र कवठेमहांकाळहून रोज येण्या-जाण्याच्या गाडीचा खर्च किलोच्या दरात आधीच धरा, नाहीतर दर चांगला ठरूनही हातात काही उरणार नाही. बेदाण्याबरोबर हळदीच्या निवडीचे कामही विचारून पाहावे; सांगलीत त्याला तोटा नाही.

उत्तर ५ : जमाखर्च

नावाविषयी : सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाशी जोडलेल्या नावाला कायदेशीर संरक्षण, मिळाले आहे. ते नाव आणि चिन्ह पाकिटावर वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. माल सांगली जिल्ह्यातला आहे एवढ्यावर ते वापरता येत नाही. पाकिटे करण्याआधी अन्नसुरक्षा नोंदणी आणि पाकिटावरील वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता यांचे नियमही पाळावे लागतील.

कराबाबत एक भेद लक्षात ठेवावा. शेतकऱ्याने स्वतःच्या बागेतला बेदाणा विकला तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही, असे डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने स्पष्ट केले आहे. आपल्या संस्थेने तोच बेदाणा विकत घेऊन स्वतःच्या नावाच्या पाकिटांतून विकला तर तिला ही सवलत नाही. तेथे ५ टक्के दर लागू होतो आणि उलाढाल मर्यादेपलीकडे गेल्यावर नोंदणीही करावी लागते.

आणि बचत गटाच्या नावाने काम घेणार असाल, तर बागायतदाराबरोबरच्या करारात माल ताब्यात घेतानाचे आणि परत देतानाचे वजन, तसेच निघालेल्या काडी-कचऱ्याचे वजन, अशा तिन्ही नोंदी दोघांच्या सहीने लिहाव्यात. निवडीत तूट येणारच आहे. ती लिहिलेली नसली तर तिच्यावरूनच पहिले भांडण होते आणि मजुरी अडते. करार पाचशेच्या स्टॅम्पवर असो वा साध्या वहीत, या तीन नोंदी मात्र रोजच्या रोज झाल्या पाहिजेत.